बटणाखालची पट्टी आणि आठ हजार हर्ट्झ

गणपतीला घरी आलेल्या भाच्याने मोबाइलवर दोन गेमिंग कीबोर्ड दाखवले. "मामा, हा १००० हर्ट्झचा आणि हा ८००० चा. म्हणजे आठपट फास्ट ना?" किमतीतला फरक बघून मी त्याला म्हटलं, आरती होऊ दे, मग नीट बोलू.

आठपट हा आकडा खरा आहे, पण तो आहे कशाचा? यूएसबीवरचा कीबोर्ड आपणहून बोलत नाही. ठरावीक वेळाने कॉम्प्युटर त्याला विचारतो, काही दाबलं का? तेव्हाच तो उत्तर देतो. हे विचारणं सेकंदाला किती वेळा होतं, तो पोलिंग रेट, आणि खोक्यावरचे हर्ट्झ म्हणजे तोच आकडा. दाभोळच्या जेटीवर हेच चालतं. गाडी तुम्ही कधीही आणा, धोपाव्याला जायचं तर फेरीबोट लागेपर्यंत थांबावं लागतं. कधी बोट समोरच उभी असते, कधी नुकतीच सुटलेली असते, आणि सरासरी काढली तर दोन फेऱ्यांमधल्या वेळाच्या निम्मं थांबणं होतं. ऑफिसातला साधा कीबोर्ड १२५ हर्ट्झचा असेल, तर दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा, म्हणजे सरासरी ४ मिलिसेकंद थांबणं. १००० हर्ट्झला अर्धा मिलिसेकंद. ८००० हर्ट्झला जेमतेम ०.०६. पहिल्या उडीत साडेतीन मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या उडीत अर्धासुद्धा नाही. त्यासाठी हाय-स्पीड यूएसबी लागतं आणि प्रोसेसरचं काम वाढतं ते वेगळंच.

आता जेटीच्या अलीकडचा रस्ता बघू, म्हणजे बटण दाबल्यापासून कॉम्प्युटर विचारेपर्यंत कीबोर्डच्या आत काय होतं ते. मला खरा रस आहे तो इथे.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली जो स्विच असतो, त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पट्टी असते. चेरी कंपनीचा लाल स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातो आणि २ मिलिमीटरवर ही पट्टी समोरच्या धातूला टेकते. टेकते म्हणजे आदळते. स्टीलचं झाकण फरशीवर पडलं की टणटणत राहतं, तशी ही पट्टी लागते, सुटते, पुन्हा लागते, आणि काही मिलिसेकंदांनी गप्प होते. बोटाला यातलं काही जाणवत नाही. कीबोर्डमधली चिप मात्र बटणांच्या आडव्या-उभ्या तारांची जाळी सतत तपासत असते. तिला या उड्या पाच-सहा वेगवेगळ्या दाबण्यांसारख्या दिसतात. त्या गाळण्याला डिबाउन्स म्हणतात.

गाळायच्या दोन रीती आहेत. एकीत चिप म्हणते, संपर्क सलग ५ मिलिसेकंद टिकू दे, मग मानेन. हे भरवशाचं, पण प्रत्येक दाबण्यामागे ते ५ मिलिसेकंद जातातच. दुसरीत पहिला स्पर्श झाला की लगेच मान्य, आणि पुढचे ५ मिलिसेकंद कान बंद. यात उशीर जवळपास नाही, पण विजेची एखादी खोटी खरखर आली तर तीही दाबणं म्हणून मोजली जाते. कोणत्या कीबोर्डात कोणती रीत आहे आणि किती मिलिसेकंदांची, हे खोक्यावर सहसा छापत नाहीत. म्हणून दोन्ही खोक्यांवर १००० हर्ट्झ असूनही एक कीबोर्ड दुसऱ्यापेक्षा ५-१० मिलिसेकंदांनी मागे असू शकतो. ८००० हर्ट्झ घेऊन वाचणाऱ्या वेळाच्या हे कितीतरी पट झालं.

आमच्याकडे या पट्टीचा आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. दोन पावसाळ्यांनंतर माझ्या स्वस्त मेकॅनिकल कीबोर्डवर 'नारळ' लिहिलं की 'ननारळ' उमटू लागलं. बटणाची टोपी काढून स्विच उघडला तर पट्टीच्या कडेला हिरवट डाग होता. असा थर बसला की पट्टी टेकूनही संपर्क धड होत नाही, तो जातयेत राहतो, आणि चिपने ठरवलेले ५ मिलिसेकंद संपल्यावरही धरसोड चालूच राहते. तिला ते दुसरं दाबणं वाटतं. सेटिंगमध्ये डिबाउन्स १५ वर नेला आणि 'नारळ' पुन्हा 'नारळ' झाला, पण प्रत्येक अक्षर आता १० मिलिसेकंद उशिरा येतं. लेख लिहायला चालतं, खेळायला नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी पिनने रिस्पॉन्स वाढतो, अशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नका. मुलामा गंज रोखतो, सिग्नलचा वेग वाढवत नाही.

या सगळ्यातून सुटका करतो हॉल इफेक्ट स्विच. एडविन हॉलने १८७९ साली दाखवलं की प्रवाह वाहणाऱ्या धातूवर आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की बाजूच्या कडांमध्ये व्होल्टेज तयार होतं. बटणाच्या दांड्यात छोटा चुंबक आणि खाली बोर्डावर सेन्सर. चुंबक जितका जवळ तितकं व्होल्टेज बदलतं, म्हणून बटण नेमकं किती खाली आहे हे चिपला सतत कळतं. धातूला धातू लागतच नाही. मग उड्याही नाहीत आणि पट्टीवरचा गंजही नाही. बोट जरा वर उचललं की बटण सुटलं असं धरायची सोयही यातूनच आली, तिला रॅपिड ट्रिगर म्हणतात. सरकत थांबायच्या खेळांत तिचा फायदा हाताला कळतो.

माणसाची प्रतिक्रियाच २०० मिलिसेकंदांची, मग पाच-दहाने काय होणार, असंही बरेच जण म्हणतात. तेही चूक. उशीर प्रतिक्रियेत मिसळून नाहीसा होत नाही, तिच्यावर चढतो, आणि समोरचा गडी तुमच्याच तोडीचा असेल तर निकाल त्या चढलेल्या भागावर लागतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर मात्र एकेका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद घेतो. तो तसाच ठेवून ८००० च्या कीबोर्डवर पैसे घालणं मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी पडवीत भाच्याने मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा लावला. सेकंदाला २४० चित्रांचा, म्हणजे दर चित्र सुमारे ४ मिलिसेकंद. बोट तळाला टेकल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंतची चित्रं मोजायची, तोच मॉनिटर, वीस-वीस वेळा. माझा डिबाउन्स वाढवलेला आणि त्याच्या मित्राचा, दोन्ही १००० हर्ट्झचे. सरासरीत माझा दोन चित्रांहून थोडा जास्तच मागे पडला. भाच्याने वहीत दोन्ही आकडे लिहिले, मोबाइलवरचं ८००० चं पान बंद केलं आणि मॉनिटरच्या किमती बघायला लागला.