सात गाठी आणि एक खुंटी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा 'फुल बॉडी चेकअप'ची जाहिरात आली. साखर, थायरॉईड, आणि वर 'कॅन्सर मार्कर' फुकट! हा मार्कर म्हणजे सीईए. १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन सापडलं, तेव्हा कॅन्सरची खास खूण हाती लागली असंच वाटलं. पुढे कळलं की ते निरोगी माणसातही थोडंफार असतं, सिगारेट ओढणाऱ्यांत तर जास्तच. ऑपरेशननंतर आजार उलटतोय का हे पाहायला ते कामाचं आहे, धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला नाही.

मग फक्त कॅन्सरच्याच पेशीवर सापडेल अशी खूण असते का? असते, आणि ती दिसते कशी हे फार मजेदार आहे. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपली प्रथिनं चिरते आणि आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए नावाच्या खुंटीवर दाराबाहेर टांगते. टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या गस्तीवरच्या पेशी, ते चाचपत फिरतात. नेहमीचा तुकडा असेल तर पुढे जातात, परका वाटला तर त्या पेशीवर हल्ला करतात. उदाहरणार्थ, केरास या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आलं, की पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सुटत राहतो. तोच बदललेला तुकडा बाहेरही टांगला जातो. निरोगी पेशीत तो नसतोच. मात्र तो पेलणारी खुंटी हवी. एचएलएचे प्रकार हजारो, आई आणि वडील दोघांकडून एकेक संच येतो. म्हणून बिघाड तोच असला तरी एकाच्या पेशीवर तो दिसतो, दुसऱ्याच्या नाही. ('इम्युनिटी वाढवणारा' काढा यात नेमकं काय करतो, ते विकणाऱ्यालाच विचारा.)

अमेरिकेत कॅन्सर-संशोधक स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या चमूने २०१६ मध्ये अशी एक केस प्रसिद्ध केली. आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात पसरून सात गाठी झालेल्या. गाठींतल्याच टी-पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. हा केरासचा तुकडा ओळखणाऱ्या दहा हजार कोटींहून जास्त पेशी रुग्णाला शिरेतून परत दिल्या. सातही गाठी आक्रसल्या. नऊ महिन्यांनी त्यांतली एक पुन्हा वाढू लागली, ती काढून तपासली. केरासचा बिघाड जागेवरच होता. पण तो तुकडा पेलणाऱ्या एचएलएचं जनुक सहाव्या गुणसूत्राच्या ज्या प्रतीवर होतं, तीच त्या गाठीतून नाहीशी झाली होती.