ऑक्रोनोसिसचा संधिवात

अल्काप्टोन्युरिया नावाच्या जन्मजात आजारात पाठीचे मणके आणि मोठे सांधे वयाच्या मानाने फार लवकर झिजतात, त्याला ऑक्रोनोसिसचा संधिवात म्हणतात. आजार दुर्मिळ आहे, साधारण अडीच ते दहा लाखांत एखाद्याला, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या डॉक्टरला आख्ख्या प्रॅक्टिसमध्ये असा एकही पेशंट भेटणार नाही असंही होऊ शकतं. पण भेटतो तो बहुतेक वेळा "मणक्यात गॅप आहे" एवढंच ऐकून वर्षानुवर्षं फिरून आलेला असतो, आणि गंमत म्हणजे आजाराची खूण तो लंगोटात होता तेव्हापासून घरात दिसत असते.

आपण खातो त्या प्रोटीनमध्ये टायरोसिन आणि फेनिलॲलॅनिन ही अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रोटीनचे घटक, असतात. ते मोडत मोडत शेवटपर्यंत न्यायला यकृतातली एंजाइम्स लागतात, त्यातलं एक एचजीडी या जीनमधल्या बिघाडामुळे चालत नाही, मग मधल्या टप्प्यावरचं होमोजेंटिसिक ॲसिड साचत राहतं. बरंचसं किडनीवाटे बाहेर जातं, उरलेल्याचा हळूहळू काळपट रंग बनून कूर्चेत, म्हणजे सांध्यांतल्या आणि कानातल्या लवचिक भागात बसतो, यालाच ऑक्रोनोसिस म्हणतात. अशी कूर्चा वाळलेल्या पऱ्हाटीसारखी होते, कडक दिसते पण ताण आला की कडकन मोडते. आधी कंबरेच्या मणक्यांमधल्या गाद्या जातात, मग गुडघे, खुबे, खांदे. हातापायाच्या बोटांचे छोटे सांधे सहसा वाचतात, आणि आमवातापेक्षा हा वेगळा आहे हे इथेच लक्षात यायला पाहिजे.

आईबाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच आजार होतो, एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेल्या घरांना हे गणित नव्याने समजावून सांगावं लागत नाही, तेच आहे. आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक धोका, आणि मामाच्या मुलीशी लग्न होणाऱ्या घरांत दोघं वाहक निघायची शक्यता वाढते. ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉडच्या १९०२ सालच्या निरीक्षणांतही हेच होतं, पेशंट भावंडं आणि त्यांचे आईबाप एकमेकांचे चुलत नातेवाईक. माणसातला आजार मेंडेलच्या नियमाने चालतो हे दाखवणारं हे पहिलं उदाहरण. भारतात तमिळनाडूच्या नरिकुरवर समाजात हा आजार जास्त सापडलाय.

निदानाचं म्हणाल तर महागड्या तपासण्यांआधी दोन प्रश्न विचारले तरी निम्मं काम होतं, पण विचारतं कोण? लहानपणी लंगोट, दुपटी काळी पडायची का, साबण लावला की डाग जायच्याऐवजी अजून गडद व्हायचा का, हे पेशंटच्या आईला किंवा आजीला विचारायचं. साबण अल्कलीचा असल्यामुळे तसं होतं. दुसरं म्हणजे लघवी काचेच्या बाटलीत काही तास उघडी ठेवून बघायची, वरून काळी पडत जाते. लॅबमध्ये ताज्या लघवीची तपासणी होते, तेव्हा रंग नॉर्मल असतो, म्हणून रिपोर्टवर भरवसा ठेवून चालत नाही. आणि प्रत्येकाचीच लघवी डोळ्याला दिसेल इतकी काळी होते असंही नाही. तिशीनंतर डोळ्यांच्या पांढऱ्या भागात तपकिरी ठिपके येतात, कानाची पाळी नाही पण वरची कूर्चा निळसर दिसते, कानातला मळ काळा असतो. एक्स-रेमध्ये एकाच नाही तर बऱ्याच गाद्या चपट्या आणि चुना भरल्यासारख्या पांढऱ्या दिसतात. पाठ आखडलेली बघून कोणी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा आखडवणारा दुसरा संधिवात म्हणतं, पण त्यात माकडहाडाजवळचे सांधे लवकर खराब होतात, इथे ते बऱ्यापैकी राहतात, आणि त्या आजारात बहुतेकदा सापडणारी रक्तातली खूण, एचएलए बी२७, इथे सहसा निगेटिव्ह येते. आमवातासाठी बघतात तो आरए फॅक्टरही निगेटिव्ह. यूरिक ॲसिड आणि क्रिएटिनिनचे काही पद्धतींनी केलेले रिपोर्ट या ॲसिडमुळे खऱ्यापेक्षा कमी येतात, लॅबवाल्याला आधी सांगून ठेवलेलं बरं. पक्कं निदान मात्र लघवीतलं होमोजेंटिसिक ॲसिड मोजून, आणि जमलं तर जीन तपासून. नमुना मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला जातो. मुंबईचं केईएम हॉस्पिटल हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातलं केंद्र आहे, तिथला सल्ला घेता येतो.

कधी कधी निदान थेट ऑपरेशन टेबलवर होतं, गुडघा बदलायला उघडला आणि आत कूर्चा काळी कुळकुळीत.

औषधात नाव एकच, निटिसिनोन. हे निघालं तणनाशकाच्या संशोधनातून, मक्यात मारतात त्या टेंबोट्रायॉनचा दूरचा भाऊबंदच, अर्थात शेतातली बाटली आणि ही गोळी यांचा संबंध तेवढाच. ते वरच्याच टप्प्यावर वाट अडवतं, म्हणजे होमोजेंटिसिक ॲसिड जवळजवळ बनतच नाही. सोनिया २ या १३८ पेशंटच्या चार वर्षांच्या चाचणीत रोज १० मिलिग्रॅम डोसने लघवीतलं ॲसिड ९९ टक्क्यांहून जास्त घटलं आणि आजाराची चाल मंदावली. २०२० मध्ये युरोपात मोठ्या माणसांसाठी मंजुरी मिळाली. पण झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. शिवाय रक्तात टायरोसिन वाढून डोळ्याच्या बुबुळाला त्रास होतो, म्हणून डोळे तपासत राहायचं आणि प्रोटीन मोजून खायचं. आपल्याकडे हे जड जातं कारण कळण्याच्या भाकरीत उडीद, शेवभाजीत बेसन, भरीतात शेंगदाणे. बंद करायची गरज नाही, आहारतज्ज्ञाकडून हिशोब बसवून घ्यायचा. व्हिटॅमिन सीचा फायदा सिद्ध झालेला नाही.

औषध नसलं तरी करण्यासारखं बरंच आहे. "जड काम करू नका" हे रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या माणसाला सांगून काही उपयोग नाही, घरात कामं बदलून घ्यावी लागतात, त्याने घड वाहण्याऐवजी पाणी आणि खताचं बघायचं. वाकून ओझं उचलणं, पाठीला झटके देणं टाळायचं, फिजिओथेरपी झेपेल तेवढीच. मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर रोज खाणं इथे जास्त घातक, कारण ॲसिड बाहेर काढायला किडनीच आहे आणि तीच बिघडली तर सगळं आणखी वेगाने साचतं. सरासरी पंचावन्नच्या आसपास खुबा किंवा गुडघा बदलायची वेळ येते, आणि ते ऑपरेशन चांगलं टिकतं. भूलतज्ज्ञाला आजार आधी सांगायचा, कडक मणक्यात सुई घालणं अवघड असतं. चाळिशीनंतर अधूनमधून हृदयाची इको करायची, महाधमनीची झडप आकसते, मुतखडेही होतात. आणि एक पेशंट सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांची लघवी तपासायची, त्यांची पाठ अजून दुखायला लागली नसली तरी.