'बरा'चा 'बार' का होतो?

शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही ढवळली तरी मेंदू तो शब्द सहज वाचतो, असं केंब्रिज विद्यापीठानं सिद्ध केल्याचा एक मेसेज २००३ पासून फिरतोय. आधी ईमेलवर होता, आता व्हॉट्सॲपवर आहे. केंब्रिजमध्ये असं संशोधन झालेलंच नव्हतं, आणि तिथल्याच मॅट डेव्हिस या संशोधकानं ते तेव्हाच जाहीर सांगून टाकलं. पुढे २००६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. नीट मजकूर मिनिटाला २५५ शब्द या वेगानं वाचणारे लोक मधली अक्षरं उलटसुलट केल्यावर २२७ वर आले, आणि शब्दाची सुरुवातच बिघडवली तेव्हा १६३ वर. वाचता येतं खरं, पण फुकटात नाही.

वाचणाऱ्याच्या मेंदूचं एवढं कौतुक झालं. मुळात ती अक्षरं उलटसुलट होतात कशी, हा प्रश्न त्याहून रंजक आहे.

भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'आता बरा आहे' असं टाइप करताना 'आता बार आहे' उमटतं. स्पेलचेकर गप्प बसतो, कारण 'बार' हाही शब्दच. आता बोटं पाहू. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा आणि काने डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'ब' इंग्रजी वायच्या बटणावर, 'र' जेच्या, आणि काना ईच्या. ब आणि र दोन्ही उजव्या हाताच्या तर्जनीचे. त्या एकाच बोटाला वरच्या ओळीतून मधल्या ओळीत उतरायचं असतं. डाव्या हाताचं मधलं बोट तोवर रिकामंच असतं, ते कान्यावर जाऊन उभं राहतं आणि उजवी तर्जनी 'र'वर पोचण्याआधी काना दाबून मोकळं होतं. ब, काना, र. झाला बार.

इंग्रजीत 'द'मधले टी-एच-ई हे टी-ई-एच होतात तेही असंच: एच उजव्या हाताचा, ई डाव्या हाताचा. टायपिंगमधल्या अदलाबदलीच्या बहुतांश चुका दोन हातांमध्ये वाटल्या गेलेल्या अक्षरांत होतात. एकाच बोटाच्या दोन अक्षरांत त्या जवळपास होतच नाहीत, कारण एक बोट स्वतःच्याच पुढे जाऊ शकत नाही.

पण काना 'आधीच तयार' कसा होता? आपल्याला वाटतं की बोट एक अक्षर दाबतं, मेंदूला 'झालं' अशी खबर जाते, मग पुढच्याचा हुकूम सुटतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९५१ मध्येच दाखवून दिलं की हे गणित बसत नाही. बोटाची खबर वर जाऊन नवा हुकूम खाली यायला दीडशे मिलिसेकंद तरी लागतात. सराईत टायपिस्टच्या दोन हातांच्या दोन बटणांमधलं अंतर शंभर मिलिसेकंदांच्या खाली जातं. म्हणजे पुढचं अक्षर मागच्याची वाट पाहत नसतं. अख्खा शब्द एकदमच हाताशी घेतलेला असतो.

मग क्रम कोण लावतं? इथे या विषयातली सगळ्यात देखणी कल्पना येते. तिची मांडणी स्टीफन ग्रॉसबर्ग यांनी १९७८ मध्ये केली आणि जॉर्ज हॉटन यांनी १९९० मध्ये ती शब्दांच्या उच्चाराला लावली. तिला स्पर्धात्मक रांग म्हणू. रांगेत कुणालाही नंबर दिलेला नसतो, प्रत्येकाचा फक्त जोर वेगळा असतो. समजा 'बरा' लिहायचंय. ब ०.९ वर, र ०.७ वर, काना ०.६ वर, तिघंही एकाच वेळी जागे. नियम दोनच: ज्याचा जोर सगळ्यात जास्त तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडताक्षणी त्याला शून्यावर दाबलं जातं, नाहीतर 'बबबब' सुरू राहील. ब गेला की उरलेल्यांत र मोठा, तो गेला की काना.

आता यात थोडी खरखर मिसळा, कारण चेतापेशींचे संदेश कधीच अगदी स्वच्छ नसतात. प्रत्येक आकडा ०.१ नं वरखाली होऊ द्या. ब कमीत कमी ०.८, र जास्तीत जास्त ०.८, म्हणजे ब सहसा पहिलाच राहतो. पण र कधी ०.६२ वर घसरतो आणि काना ०.६८ वर चढतो. काना आधी सुटतो आणि शून्यावर जातो. र मात्र हरवत नाही. तो अजून जागा आहे आणि उरलेल्यांत सगळ्यात जोरदार आहे, म्हणून लगेच पुढच्याच जागेवर तो बाहेर पडतो. अक्षर गळण्याऐवजी शेजारच्या दोघांची अशी नीटनेटकी अदलाबदल का होते, याचं उत्तर या दोन नियमांतून आपोआप निघतं. लांब शब्दाच्या मध्यभागी चुका जास्त का, तेही त्यातूनच: कडेच्या अक्षराला एकाच बाजूनं स्पर्धक असतो, मधल्याला दोन्ही बाजूंनी.

ही नुसती कागदावरची करामत नाही. २००२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात त्रिकोण-चौकोन काढायला शिकवलेल्या माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींची नोंद घेतली गेली. रेघ ओढायला सुरुवात होण्याआधीच आकृतीच्या सगळ्या बाजूंचे ठसे एकदम हजर होते, आणि पहिल्या बाजूचा सगळ्यात ठळक, दुसरीचा त्याहून फिका, अशा उतरत्या क्रमानं.

दुहेरी अक्षराचं, म्हणजे लागोपाठ दोनदा येणाऱ्या अक्षराचं प्रकरण याला अपवाद ठरतं. रोमन लिपीत मराठी लिहिताना 'आणि'चं ए-ए-एन-आय हे कधी ए-एन-एन-आय होतं. इंग्रजीत 'बुक'च्या दोन ओंऐवजी दोन के पडतात. दोन ओ वेगवेगळे साठवलेले असते तर असं झालंच नसतं. रमेलहार्ट आणि नॉर्मन यांनी १९८२ मध्ये टायपिस्टचं संगणकी प्रारूप बांधलं तेव्हा 'हे अक्षर दोनदा' अशी खूण त्यांना वेगळी ठेवावी लागली. ती खूण शेजारच्या अक्षराला चिकटली की असा घोटाळा होतो.

हातानं लिहिताना पेन एकच, त्यामुळे दोन हातांची शर्यत नसते. तिथे पुढचं अक्षर अर्धं उमटतं आणि आपण खाडाखोड करतो. बोलताना मात्र हीच रांग चालते. 'नुकसान'चं 'नुसकान' होतं. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. संस्कृत 'लघु'पासून प्राकृतात 'लहु', मग ल आणि ह उलटून आपला 'हळू' आला. टायपिस्टला सल्ला म्हणून जो शब्द द्यायचा, तोच मुळात अदलाबदलीतून जन्मलाय.

चूक झाल्याचं बोटांना कळतं का? २०१० मध्ये लोगन आणि क्रम्प यांनी टायपिस्टांना गंडवलं. काही खऱ्या चुका पडद्यावर परस्पर दुरुस्त केल्या, काही बरोबर शब्दांत चुका घुसवल्या. माणसांनी पडद्यावर विश्वास ठेवला आणि घुसवलेल्या चुकांचा दोष स्वतःकडे घेतला. बोटं मात्र फक्त खऱ्या चुकीनंतरच क्षणभर मंदावली.

यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. अधूनमधून अक्षरं उलटणं म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. डिस्लेक्सियात मुख्य अडचण ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. पाच-सहा वर्षांच्या मुलानं अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढणं सर्रास दिसतं. दुसरी-तिसरीतही वाचन-लेखन अडखळत असेल तर रीतसर तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे. तेवढ्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांची हजारोंची फी भरू नये. तिथली मुलं पट्टी आणि नाकाच्या फटीतून वाचतात. मोठ्या माणसाचं लिहिणं एका दिवसात अचानक निरर्थक झालं आणि जोडीला तोंड वाकडं किंवा हात लुळा असेल, तर तो पक्षाघात समजून लगेच रुग्णालय गाठावं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

रोजच्या चुकांवर उपाय करायचा तर आधी त्या ओळखाव्या लागतात. बॅकस्पेसला हात न लावता दहा मिनिटं टाइप करा आणि चुका चार ढिगांत वाटा: अदलाबदल, शेजारचं बटण, गळलेलं अक्षर, चुकीचं दुहेरी अक्षर. शेजारचं बटण लागत असेल तर हाताची बैठक बिघडलीय. अदलाबदल जास्त असेल तर ठरावीक दोन-तीन जोड्याच वारंवार दिसतील. तेवढ्याच जोड्या घड्याळाच्या टिकटिकीवर, एका टिकेला एक बटण असं संथपणे घोटवा. सगळाच वेग कमी करायची गरज नाही.

इनस्क्रिप्टवाल्यांना एक फायदा आहे. शब्दाच्या सुरुवातीलाच अदलाबदल झाली तर ती लपत नाही: 'पुणे' लिहिताना उकार आधी पडला की ठिपक्यांच्या गोलावर उकार दिसतो आणि पुढे 'पणे'. तो गोल फाइलमध्ये नसतो, मात्रेला आधार सापडला नाही म्हणून पडद्यावर काढलेला असतो. त्यामुळे 'शोधा'मध्ये तो सापडत नाही, नजरेनंच टिपावा लागतो. कर्सर त्याच्या पुढे ठेवून एकदा बॅकस्पेस मारा, कर्सर 'प'च्या पुढे न्या, मग उकार टाइप करा. 'बार'सारख्या चुका मात्र मजकूर मोठ्यानं वाचल्याशिवाय हाती लागत नाहीत.