नदीकाठची माती आणि मृदंगाचा स्वर

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सप्ताह बसला की पहिल्या संध्याकाळी मृदंगाचे बुवा मंदिराच्या ओट्यावर बसून गव्हाची कणीक भिजवतात. मृदंग मांडीवर आडवा घेऊन ते डाव्या अंगाच्या पुडीवर, म्हणजे धुमेच्या ताणलेल्या चामड्यावर, मधोमध पुरीएवढी कणीक थापतात, एक थाप मारून ऐकतात, पुन्हा चिमूटभर कणीक लावतात आणि आवाज हवा तितका खाली उतरेपर्यंत हा उद्योग चालू ठेवतात. लहानपणी मला हे सगळे एखाद्या पूजाविधीसारखे वाटे. ते ध्वनिशास्त्र आहे आणि त्यावर दोन हजार वर्षांच्या आसपास लिहिले जात आहे, हे मला गावच्या वाचनालयातल्या संगीतविषयक पुस्तकांमुळे कळले.

भरताच्या नाट्यशास्त्रात चामड्याने मढवलेल्या वाद्यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. पावसाच्या सरी तळ्यातल्या लहान, मध्यम आणि मोठ्या कमळपानांवर पडताना स्वाती मुनींनी वेगवेगळे आवाज ऐकले आणि त्यावरून पुष्कर वाद्ये, म्हणजे मृदंगाच्या जातीची चामड्याची वाद्ये, घडवली, अशी कथा तिथे येते. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेल्या माणसाला ती पटवून द्यावी लागत नाही. मला मात्र त्या कथेपेक्षा पुढचा भाग मोलाचा वाटतो. पुडीला कोणता लेप द्यावा हे सांगताना भरत नदीकाठची काळी, मऊ माती सुचवतो. तिच्यात खडे, रेती, गवत किंवा कोंडा नसावा, असेही बजावतो. माती न मिळाल्यास गव्हाचे किंवा जवाचे पीठ चालते, पण त्याने आवाज एकसुरी होतो, अशी नोंदही तो करतो. निरनिराळे लेप लावून, ऐकून, त्यांची तुलना केल्यावाचून असे कोणी लिहू शकत नाही. आमचे बुवा जी कणीक लावतात ती त्याच नोंदीतली आहे.

लेपाने नेमके काय होते हे समजण्यासाठी आधी स्वर आणि नुसता आवाज यांतला फरक पाहिला पाहिजे. तंबोऱ्याची तार छेडली की ती एकाच गतीने कंप पावत नाही. तिचे मूळ कंपन सेकंदाला १०० असेल तर त्याबरोबरच २००, ३००, ४०० अशी कंपनेही उमटतात. ही सगळी मुळाच्या पूर्ण पटीत असल्यामुळे कानाला ती एकजीव लागतात आणि आपण त्याला स्वर म्हणतो. ताणलेल्या गोल चामड्याचे तसे नसते. त्याचे मूळ कंपन १०० धरले तर पुढची कंपने साधारण १५९, २१४, २३०, २६५, २९२ अशी येतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही आणि म्हणून डफड्यावर ठेका कितीही रंगला तरी त्याला सूर आहे असे कोणी म्हणत नाही.

पूर्ण पटीतल्या उपस्वरांचा हा विचार हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडला. संगीतावरच्या पुस्तकांत मी त्याला फार वरचे स्थान देतो, कारण त्याचा एक वाचक चंद्रशेखर वेंकट रामन हा होता आणि आपल्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या तीन पुस्तकांत रामन यांनी त्याची गणना केली आहे. रामन तेव्हा सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते आणि १९१०च्या सुमारास काही काळ त्यांची नेमणूक आपल्या नागपुरातही होती. पुढे कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि नंतरच्या वेळात त्यांनी वाद्यांचा अभ्यास केला. शिवकाली कुमार यांच्यासोबत मृदंग आणि तबला यांवर लिहिलेले त्यांचे टिपण १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले, आणि १९३४ साली त्यांनी या विषयावर विस्ताराने लिहिले.

रामन यांना जे आढळले ते असे. पुडीच्या मध्यावर शाईचे, म्हणजे तिथल्या काळ्या गोल लेपाचे, वजन आले की मूळ कंपन सर्वांत अधिक मंदावते, कारण त्यात मध्यभागच सर्वांत जास्त हलतो. इतर कंपनेही मंदावतात, पण त्या मानाने कमी. त्यामुळे मुळाशी असलेले त्यांचे प्रमाण वाढते. १.५९ पटीचे कंपन २ पटीवर येते, २.१४ आणि २.३० ही दोन्ही ३ पटीवर येऊन मिळतात, २.६५ आणि २.९२ ही ४ पटीवर. अशा रीतीने पहिली नऊ कंपने पाच पूर्ण पटींत गोळा होतात आणि चामडे तारेसारखे बोलू लागते. चामड्याचा कोणता भाग हलतो आणि कोणता स्थिर राहतो हे पाहण्यासाठी रामन पुडीवर बारीक रेती भुरभुरवत. हलणाऱ्या भागावरून उडालेली रेती स्थिर रेषांवर जमते. ते वाचून मी रेती घेऊन बुवांकडे गेलो होतो. “रेती नका टाकू जी, पुडी बिघडते,” असे म्हणून त्यांनी मृदंगावर उपरणे टाकले, पण मागच्या खोलीतला जुना तबला काढून दिला. पुडीच्या कडेला एक बोट हलकेच टेकवून चाटीवर, म्हणजे पुडीच्या काठावरच्या चामडी पट्टीवर, टिचकी मारली, तेव्हा रेतीची एक रेघ पुडीच्या आरपार उमटलेली मी डोळ्यांनी पाहिली.

शाई म्हणजे एकदाच थापलेला गोळा नव्हे. लोखंडाचा कीस, काजळी आणि भाताची खळ यांचे मिश्रण पातळ थरांनी चढवतात आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घासत जातात. घासताना शाईला बारीक भेगा पडतात. त्या दोष नसून गरज आहेत: भेगांमुळे वजन तेवढेच राहते आणि चामड्याची लवचीकता शाबूत राहते. मध्ये जड, कडेला हलके अशा पडद्याचे गणित बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रामकृष्ण आणि सोंधी यांनी १९५४ साली मांडले. शाईची त्रिज्या पुडीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश आणि वजन योग्य असेल तर कंपने पूर्ण पटींजवळ येतात, हे त्यांनी दाखवले. कारागिरांचे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या आधीच पोहोचले होते.

धुमेवरची कणीक वेगळे काम करते. ती ओली आणि मऊ असते, त्यामुळे वजनाने आवाज खाली उतरतो आणि वरची कंपने लवकर विरतात. राहतो तो घुमारा. पण कणीक वाळते. वैशाखात रात्रीही गरम वारा सुटलेला असताना दोन अभंगांच्या मध्ये बुवा तिच्यावर ओले बोट फिरवतात, कारण पाणी उडाले की वजन घटते आणि आवाज वर चढतो. उजव्या पुडीचे चामडेही कोरड्या हवेत आवळते, म्हणून तिथे बाजूचे लाकडी गट्टे ठोकून वादीचा, म्हणजे पुडी आवळून धरणाऱ्या चामडी पट्टीचा, ताण कमी करावा लागतो. श्रावणात, चामडे ओलाव्याने सैल पडल्यावर, तेच गट्टे उलट दिशेने ठोकतात. काकडा आटोपला की ते अंगठ्याच्या नखाने कणीक खरवडून काढतात आणि पुडी कोरड्या फडक्याने पुसतात, कारण कणीक तशीच राहिली तर किडे चामड्यासकट खातात. संध्याकाळी नवी कणीक भिजते.