बारा व्होल्टची बॅटरी आणि पाच व्होल्टचा बोर्ड

चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या रानात मातीचा ओलावा मोजणारे यंत्र अर्डुइनो उनोसारख्या, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बसवायचे, तर वीज बॅटरीचीच घ्यावी लागते, कारण शेतीपंपांसाठी येणारी थ्री-फेज वीज ठरावीक तासांपुरतीच असते. अशा वेळी हाताशी असते ती १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी.

एवढी मोठी बॅटरी इवल्याशा बोर्डात जास्त करंट घुसवेल, ही भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. व्होल्टेज योग्य असेल, तर बोर्ड स्वतःला लागेल तेवढाच करंट ओढतो. खरी काळजी व्होल्टेजची घ्यायची. उनोवरील एटीमेगा ३२८पी ही चिप ६ व्होल्टपेक्षा जास्त दाब सहन करू शकत नाही आणि बोर्डावरची ५ व्होल्टची पिन तिला थेट जोडलेली असते, म्हणून १२ व्होल्टची तार चुकून तिथे लागली तर चिप गेलीच समजावी. व्हीआयएन या बाहेरची वीज घेणाऱ्या पिनकडून आलेली वीज मात्र आधी रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणाऱ्या भागातून जाते. तिथे ७ ते १२ व्होल्ट द्यावेत, अशी शिफारस आहे.

परंतु १२ हे या बॅटरीचे केवळ नाव आहे. पूर्ण चार्ज होऊन विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते आणि चार्जिंग चालू असताना हा आकडा १४.४ पर्यंत जातो. उनोवरचा रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने घालवतो, १४.४ मधून ५ वजा केल्यास उरतात ९.४ व्होल्ट, आणि बोर्ड व सेन्सर मिळून ०.२ अँपिअर ओढत असतील, तर जवळजवळ १.९ वॅट उष्णता नखाएवढ्या भागात साठते. रेग्युलेटर तापून स्वतःच बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो, आणि आपण दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसतो.

त्यापेक्षा एलएम २५९६ चिपचे बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करून देणारे छोटे सर्किट वापरणे शहाणपणाचे, कारण ते जास्तीचे व्होल्टेज जाळत नाही. बोर्ड जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून, त्यावरचा स्क्रू फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणावे आणि मगच ५ व्होल्टच्या पिनला द्यावे. ही जोडणी असताना यूएसबी केबल लावू नये, कारण दोन्ही पुरवठे एकमेकांत वीज ढकलू शकतात. उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड उनोच्या गोल जॅकच्या वाटेवर असतो, व्हीआयएन किंवा ५ व्होल्टच्या पिनवर नाही.

बॅटरी मोठी असण्याचा धोका आहे तो तारांना. शॉर्ट सर्किट झाल्यास ती शेकडो अँपिअर देऊ शकते आणि बारीक तार क्षणात लाल होते. म्हणून १ अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह टोकाला अगदी लगटून बसवावा. बोर्डाजवळ बसवलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवत नाही. खानापूरकडच्या पावसात सगळे हवाबंद डब्यात घालण्याचा मोह होतो, पण चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बोर्ड डब्यात ठेवावा आणि बॅटरी आडोशाला, पण हवेशीर जागी.

विसावलेली बॅटरी १२.१ व्होल्टवर आली की ती निम्मी रिकामी झालेली असते. ३० आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडून बॅटरीच्या दोन टोकांना लावले, तर १० किलोओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेजचा चौथा भाग मिळतो. तो बोर्डाच्या ॲनालॉग पिनला, म्हणजे व्होल्टेज मोजू शकणाऱ्या पिनला दिला की बोर्ड हा आकडा स्वतःच वाचू शकतो.