रॉक कानाला कळते, इंडीसाठी चौकशी करावी लागते

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या कॅफेच्या कोपऱ्यात गिटार, बेस आणि ड्रम्स घेऊन चार तरुण उभे राहिले, की कोल्हापुरातले आम्ही श्रोते त्यांना कधी रॉक बँड म्हणतो, कधी इंडी बँड म्हणतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही नावांनी आम्हाला एकच गोष्ट सांगायची असते. जाहिरातीत तर ‘इंडी रॉक’ अशी जोडी छापली की काम भागते. प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकण्याची ज्यांना माझ्यासारखी ओढ आहे, त्यांनी मात्र ही दोन नावे निरनिराळी ठेवावीत असे मला मनापासून वाटते. रॉक म्हटल्यावर संगीत कसे वाजते ते कळते. इंडी, म्हणजे इंडिपेंडंट किंवा स्वतंत्र, म्हटल्यावर ते संगीत कोणाच्या पैशाने तयार झाले, त्याची मालकी कोणाकडे राहिली आणि त्यात काय असावे हे कोणी ठरवले, ते कळायला हवे.

आधी रॉकविषयी, कारण समोर बसून ऐकताना हाताला लागते ते हेच. १९५०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमधून आणि गोऱ्यांच्या कंट्री संगीतातून रॉक अँड रोल आकाराला आले, आणि पुढच्या दशकात अमेरिका आणि इंग्लंड या दोन्हीकडच्या वादकांनी त्याला आज आपण ओळखतो ते रूप दिले. या घडणीत विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा वाटा मोठा होता. फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस गिटार १९५१ साली आणि स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या नावाचे अँप्लिफायर १९६२ पासून बनू लागले. अशा अँप्लिफायरमधल्या व्हॉल्व्हना पेलवेल त्यापेक्षा मोठा विद्युत संकेत दिला, की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर उमटतात. गिटारला येणारी ती खरखरीत, भरदार धार म्हणजे डिस्टॉर्शन. अशा आवाजात पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडलेला स्वरांचा गट, वाजवली, तर गंधारामुळे उपस्वरांची एकमेकांत गर्दी होऊन नुसता गोंगाट उरतो. म्हणून गिटारवादक गंधार गाळतात आणि फक्त षड्ज, पंचम आणि हवा असल्यास तार षड्ज एवढेच वाजवतात. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गायन समाज देवल क्लबसारखी १८८३ सालची संस्था ज्या शहरात आहे आणि अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे ज्या शहराने वर्षानुवर्षे ऐकले, तिथल्या श्रोत्याने हेच षड्ज-पंचम तंबोऱ्यावर आयुष्यभर ऐकलेले असतात. त्यामुळे डिस्टॉर्शनच्या त्या भिंतीआड त्याला काहीतरी ओळखीचे सापडते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी खूण लयीची. रॉकमध्ये बहुतेक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात चालतात आणि स्नेअर ड्रमचा ठसठशीत ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. आपला कान समेवर टाळी देण्याच्या सवयीचा असल्याने नवखा श्रोता पुष्कळदा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजवतो, आणि ड्रमर एकीकडे व प्रेक्षक दुसरीकडे अशी गंमतीची ओढाताण सुरू होते. बेस गिटार आणि बेस ड्रम यांचे नाते हीदेखील ऐकण्याची फार सुंदर जागा आहे. हे दोघे जिथे नेमके एकत्र येतात, तिथे गाणे जमिनीवर पाय रोवते, आणि बेसवादक ठोक्याच्या किंचित मागे राहू लागला की तेच गाणे सैल, आळसावलेले आणि अधिक मोहक वाटू लागते. ध्वनिमुद्रणात हे सगळे नीटनेटके करून घेतलेले असते. प्रत्यक्ष मंचावर ते आपल्यासमोर घडते, चुकते आणि सावरते.

मोठ्या आवाजाचे कोल्हापूरकरांना अप्रूप नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींपुढे कोणताही रॉक बँड सौम्यच ठरेल. पण डॉल्बीवर वाजते ते आधीच मुद्रित झालेले असते आणि त्याची पातळी एका बटणाने ठरते. रॉक बँडचा आवाज हातांनी चढतो आणि हातांनी उतरतो: ड्रमर काठीचा जोर कमी करतो, गिटारवादक वाद्यावरचा व्हॉल्यूम अर्धा करतो, गायक मायकपासून मागे सरकतो, आणि क्षणापूर्वी छातीत घुमणारे सभागृह एकाएकी इतके निवळते की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. या अर्थाने मिरवणुकीतला बेंजो रॉकला अधिक जवळचा आहे, कारण तिथेही तार विजेवर बोलते आणि ती माणूस वाजवतो.

आता इंडी. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या संस्थेच्या नावाने, काढली आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, हेही वेष्टनावर छापून टाकले. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता तबकडी काढता येते, हे ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाला दिसले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रफ ट्रेड आणि मँचेस्टरमध्ये फॅक्टरी ही लेबले उभी राहिली. ही मंडळी पंक हे वेगवान, खडबडीत रॉक आणि त्यानंतरचे रॉक वाजवत होती, म्हणून इंडी म्हणजे एक प्रकारचे रॉक, अशी समजूत तेव्हापासूनच रुजू लागली. नियम मात्र वेगळा होता. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून इंडी तबकड्यांची स्वतंत्र खपयादी प्रसिद्ध होऊ लागली आणि तिच्यात शिरण्याची अट एवढीच होती, की तबकडीचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून झालेले असावे. गिटार असावी, आवाज खरखरीत असावा, अशी कोणतीही अट नव्हती. त्यामुळे १९८०च्या दशकाच्या शेवटी काइली मिनोग या गायिकेची निखळ नृत्यसंगीताची गाणी त्या यादीच्या शिखरावर पोचली, कारण तिच्या लेबलचे वितरण स्वतंत्र होते. आणि मोठ्या कंपनीशी करार केलेले कित्येक अस्सल रॉक बँड बाहेर राहिले.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावायला मी प्रभातचे उदाहरण देतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करणारे व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर तिथून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ साली याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दिग्दर्शन, नेपथ्य आणि छायाचित्रण करणारेच कंपनीचे भागीदार होते. १९३३ साली पुण्याला गेलेल्या या कंपनीने पौराणिक चित्रपट काढले, संतपट काढले आणि सामाजिकही काढले. कलावंतांची मालकी हे प्रभातचे वैशिष्ट्य खरे, पण त्यावरून पुढचा चित्रपट कोणत्या प्रकारचा असेल हे सांगता आले नसते. इंडीचे नेमके असेच आहे.

मग घोळ वाढला कशाने? १९८६ साली ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने स्वतंत्र लेबलांवरच्या बँडांची २२ गाणी एका कॅसेटवर एकत्र केली. त्यातल्या काही बँडांची झणझणणारी स्वच्छ गिटार, थोडे लाजरे वाटणारे गायन आणि कमी खर्चाच्या मुद्रणाचा साधेपणा लोकांच्या इतका लक्षात राहिला, की हळूहळू तो विशिष्ट आवाजच ‘इंडी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आज एखादा गिटारवादक ‘जरा इंडी वाजव’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हाच आवाज असतो. ही सवय आता मोडणार नाही आणि ती मोडावी असा माझा आग्रहही नाही. मात्र त्या आवाजातली गाणी कोणतीही कंपनी काढू शकते, हे लक्षात ठेवावे.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत याचा सर्वांत स्वच्छ पुरावा निर्वाणा या अमेरिकन बँडचा आहे. त्यांचा पहिला अल्बम १९८९ साली सिअॅटलच्या सब पॉप या छोट्या लेबलवर आला आणि त्याच्या मुद्रणाला सुमारे ६०० डॉलर खर्च आला. दुसरा अल्बम १९९१ साली गेफेन या बड्या कंपनीच्या डीजीसी लेबलवर आला आणि जगभर पोचला. दोन्ही वेळा संगीत रॉकच होते. इंडी फक्त पहिल्यांदा होते. मोठे यश मिळाले की इंडीपण संपते, असाही गैरसमज यातून होऊ नये. शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडचा पहिला अल्बम २००६ साली डॉमिनो या स्वतंत्र लेबलवर आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या.

आपल्या देशात या जोडीला एक तिसरे परिमाण आहे, ते म्हणजे चित्रपटसंगीत. कोलकात्यात १९७५ साली मोहिनेर घोडागुली या बँडने बंगालीत रॉक वाजवले, मुंबईत १९८४ साली रॉक मशीन उभा राहिला आणि १९९३ साली त्याने इंडस क्रीड हे नाव घेतले, दिल्लीच्या इंडियन ओशनने रॉकमध्ये आपल्या मातीतले सूर मुरवले. हे सगळे चित्रपटाच्या बाहेर घडत होते. त्यामुळे आपल्याकडे ‘चित्रपटातले नाही ते इंडी’ अशी ढोबळ वाटणी झाली. ज्यांचे तारुण्य १९९०च्या दशकात गेले, त्यांना तर इंडीपॉप, म्हणजे भारतीय पॉप, हेही यातलेच वाटते; वास्तविक १९९५ साली गाजलेल्या अलीशा चिनॉयसारख्या गायकांच्या अल्बममागे कंपनीचे पैसे, कंपनीचे नियोजन आणि दूरचित्रवाणीवरचे व्हिडिओ होते. ते चित्रपटबाह्य होते, स्वतंत्र नव्हते. याउलट इंडियन ओशनने २०१० साली एका अल्बममधली गाणी महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य देण्याचा निर्णय स्वतः घेतला, तेव्हा श्रोत्याशी थेट व्यवहार करण्याची ती पद्धत मला अस्सल इंडी वाटली. मराठीत अभंगांना गिटार, बेस आणि ड्रम्सची जोड देणाऱ्या अभंग रिपोस्टसारख्या बँडकडेही याच दोन दृष्टींनी पाहावे: त्यात रॉक किती, हे कानाने ठरवावे; इंडी किती, हे त्यांच्या व्यवहारावरून ठरवावे.

कोल्हापूरला ऑर्केस्ट्राची थोर परंपरा आहे, आणि तिथले वादक कोणत्याही रॉक बँडला हेवा वाटावा इतके तयार असतात. पण ऑर्केस्ट्रात गाणे दुसऱ्याचे असते आणि ते मूळ ध्वनिमुद्रणासारखे वाजावे हीच अपेक्षा असते. जुन्या इंग्रजी रॉकची गाणी वाजवणारा महाविद्यालयीन बँड याच कारणाने रॉक असतो आणि इंडी नसतो. स्वतःचे गाणे मंचावर आणणे हा इंडीचा पहिला टप्पा आहे, आणि अनोळखी गाण्याला टाळी मिळवणे किती कठीण असते हे ज्याने पाहिले आहे, तो अशा बँडचा आदरच करील. म्हणून २०१० साली पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यापासून, सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून तिथले कार्यक्रम ऐकायला जाणारे कोल्हापूरचे रसिक मला फार जवळचे वाटतात. आधी कधीही न ऐकलेल्या गाण्यांसाठी ते रात्रीची गाडी पकडतात.

दोघांच्या गरजाही वेगळ्या आहेत. रॉकला चांगला ध्वनितंत्रज्ञ, पुरेशी वीज आणि ड्रम्सचा आवाज घुमून विस्कटणार नाही असे सभागृह लागते. इंडीला परवडणाऱ्या भाड्याची, शंभर-दीडशे माणसे मावतील अशी जागा लागते आणि तिकीट काढून येणारा श्रोता लागतो, कारण तिथे पाठीशी कंपनी नसते आणि त्या रात्रीचा हिशेब त्या रात्रीच मिटवावा लागतो. माझ्या मते आपल्या शहरात रॉक वाजवणारे हात पुष्कळ आहेत. उणीव आहे ती अशा छोट्या जागांची.

चौकशी कशी करावी, हेही सांगतो. प्रत्येक मुद्रित गाण्यात दोन निरनिराळे हक्क असतात: एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे, म्हणजे ज्याने ते करवून घेतले त्याच्याकडे, जातो. गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या हक्काला २०१२ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. बँडने कर्ज काढून का होईना, मुद्रण स्वतः केले असेल, तर दोन्ही हक्क त्याच्याकडे राहू शकतात. मोबाइलवरच्या कोणत्याही संगीत-अॅपमध्ये अल्बमची माहिती उघडली, की वर्तुळातल्या ‘पी’ या अक्षरापुढे ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे नाव दिसते. तिथे बँडचे किंवा त्याच्या छोट्या लेबलचे नाव असेल, तर बहुधा आपण इंडी ऐकत आहोत. एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव असेल, तर कार्यक्रम संपल्यावर टी-शर्टच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बँडच्या एखाद्या सदस्याला विचारावे, की हा करार किती वर्षांचा आहे आणि मुदत संपल्यावर ध्वनिमुद्रण तुमच्याकडे परत येणार आहे का.