घनता-उंची

घनता-उंची : एखाद्या ठिकाणी हवा जितकी दाट असते, तितकीच दाट हवा प्रमाण वातावरणात (हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी वातावरणात) ज्या उंचीवर सापडते ती उंची. धावपट्टी समुद्रसपाटीपासून किती वर आहे हे नकाशा सांगतो; विमानाला मात्र हवेच्या दाटपणाशीच कर्तव्य असते. विदर्भातल्या बऱ्याच धावपट्ट्या तीनशे मीटरांच्या आगेमागे आहेत, म्हणजे सखलच. तरी नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी तिथून उडणारे विमान डोंगरमाथ्यावरून उडाल्यासारखे जड होते.

विमान वर उचलले जाते, कारण पंख हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया पंखाला वर ढकलते. त्याच वेळी पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी व खालच्या बाजूला जास्त होतो. या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. वरच्या हवेला लांबचा रस्ता कापून खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचे असते म्हणून ती पळते, हे हमखास सांगितले जाणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. वरची हवा प्रत्यक्षात खालच्या हवेच्या आधीच मागे पोचते. तिला कोणाला गाठायचे नसते.

हे उत्थापन, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंखाचा हवेशी असलेला कोन यांवर ठरते. कोन वाढवून थोडे भागते, पण साधारण १५ अंशांपुढे हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीपासून सुटतो आणि उत्थापन एकदम ढासळते. म्हणून हवा विरळ झाली की उरतो तो वेगच.

समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानात हवेची प्रमाण घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते. तीनशे मीटर उंचीवर पारा ४५ अंशांवर गेला की ती साधारण १.०७ वर येते. अशी हवा प्रमाण वातावरणात चौदाशे मीटरांच्या आसपास असते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटरांवर आहे. म्हणजे मे महिन्यात अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून निघालेले विमान, हवेच्या हिशेबाने, चिखलदऱ्याच्याही वरून निघते. हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या सकाळशी तुलना केली तर घनता सुमारे १० टक्के घटते आणि जमीन सोडण्यासाठी खरा वेग ५ ते ६ टक्के जास्त लागतो. गंमत अशी की वैमानिकापुढची वेगाची तबकडी दोन्ही वेळा तोच आकडा दाखवते. ती पिटो नळीतून (समोरून येणारी हवा आत घेणाऱ्या नळीतून) हवेचा गतिजन्य, म्हणजे वेगामुळे पडणारा, दाब मोजते, आणि उत्थापनही त्याच दाबावर अवलंबून असते. फरक पडतो तो चाकांना आणि धावपट्टीला.

इंजिनाचीही तीच गत. विरळ हवेत दर फेऱ्याला कमी प्राणवायू आत येतो आणि प्रॉपेलरला ढकलायलाही कमी हवा मिळते. पुढे नेणारा जोर घटल्याने विमान वेग घ्यायला वेळ लावते, त्यामुळे धाव वेगाच्या हिशेबापेक्षा बरीच लांबते. उड्डाणानंतरची चढणही मंदावते. पावसाळ्यातली दमट हवा अंगाला जड वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने त्याच तापमानाच्या कोरड्या हवेहून दमट हवा किंचित विरळच असते.

बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांब असून तिथून एप्रिल २०२५ मध्ये नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अशा ठिकाणी उपाय दोनच: थंड वेळ धरणे किंवा वजन कमी करणे. वजन कमी करायचे म्हणजे इंधन, सामान किंवा प्रवासी यांपैकी काहीतरी मागे ठेवायचे. अमेरिकेत फीनिक्स येथे जून २०१७ मध्ये पारा ४८ अंशांच्या घरात गेला, तेव्हा लहान जेट विमानांची कित्येक उड्डाणे रद्द करावी लागली. त्यांच्या कामगिरीचे तक्ते तेवढ्या तापमानापर्यंतच होते.

गोंदियाजवळच्या बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेल्या विमानतळावर, आता वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. शिकाऊंची लहान विमाने उन्हाळ्यात सकाळीच उडवलेली बरी, आणि त्याला घनतेखेरीज दुसरेही कारण आहे. वखरून उघडे पडलेले काळे वावर उन्हात चटकन तापते, त्यावरची हवा वर उसळते. शेजारच्या तलावावर मात्र ती खाली बसते. वावरावरून तलावावर येताना लहान विमान आधी उचलले जाते आणि मग आदळल्यासारखे खाली जाते. घारी याच वर जाणाऱ्या हवेत पंख न हलवता गिरक्या घेत चढतात. विरळ हवेचा तोटा त्या या उसळीतून भरून काढतात, विमानाला तशी सोय नाही.

शेतावर फवारणी करणारे ड्रोनही या नियमातून सुटत नाहीत. तेवढेच वजन पेलायला दुपारी पाती जास्त वेगाने फिरवावी लागतात आणि बॅटरी लवकर उतरते. दुपारी औषधाचे थेंब वाऱ्याने भरकटतात, पानावर पडण्याआधी सुकतातही, त्यामुळे फवारणी सकाळी उरकणे दोन्ही हिशेबांनी परवडते.